माणसं चालतात तेव्हा पूल काय करतो

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, निघाला की सगळ्यांची मान वर असते, शेंड्याकडे. मी लहानपणापासून खाली बघत आलो आहे, पेलणाऱ्याच्या पायांकडे. अंगात पांढरी बाराबंदी, कमरेच्या पट्ट्यात रोवलेली तीस फुटांच्या आसपासची काठी, दोन्ही हात काठीला. काठी डावीकडे कलली तर तो तिला नुसत्या हातांनी ओढून सरळ करत नाही. तेवढी ताकद कुणाच्याच हातांत नसते. तो डावीकडे पाऊल टाकतो आणि काठीच्या खाली जातो. उजवीकडे कलली की उजवीकडे पाऊल. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो, तो बराचसा या पावलांचाच.

पादचारी पुलाबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हेच पाय आठवले. ते का, हे पुढे येईलच.

मागच्या उन्हाळ्यात आई, सहावीतला भाचा आणि मी एका जुन्या लोखंडी पादचारी पुलावरून रूळ ओलांडत होतो. खाली नुकतीच गाडी लागली होती आणि माणसांचा लोंढा एकदम वर आला. पुलाच्या मध्यावर भाच्यानं माझा शर्ट धरला.

"मामा, पूल हलालाय की ओ!"

हलत होताच. मी त्याचा तळहात कठड्यावर ठेवला. पायाला जे निसटतं ते तळहाताला नेमकं कळतं. लोंढा पुढे सरकला तशी ती थरथर आधी वाढली, मग हळूहळू विरली.

"पडंल का?"

"हलणं वेगळं आणि पडणं वेगळं."

"मग हलतो कशाला?"

तीस वर्षं पोरांना तुळई आणि कमान शिकवली, तरी त्या गर्दीत उत्तर अर्धंच देता आलं. उरलेलं इथे देतो. शहराची ओळख ठरेल असा पूल बांधायच्या गोष्टी हल्ली गावोगावी होतात. चित्रं छापून येतात, त्यांत रंगीत दिवे असतात, कमानी असतात, काचेची जमीन असते. त्या चित्रांतली माणसं मात्र नखाएवढी आणि जागच्या जागी उभी. पूल कळतो तो ती चालायला लागली की.

पूल म्हणजे वजन बाजूला न्यायची युक्ती. मधल्या मोकळ्या जागेवरचं ओझं दोन्ही काठांच्या जमिनीपर्यंत पोचवायचं, एवढंच काम. त्यासाठी साहित्याकडून दोनच गोष्टी करून घेता येतात: ताण सोसणं आणि दाब सोसणं. दगड दाब सोसतो, ताणाला टिकत नाही, म्हणून जुन्या बांधकामात दगड कमानीत बसवत. दोरी उलट. ती ताण घेते, दाबली तर दुमडते, म्हणून झुलता पूल. पोलाद दोन्ही सोसतं. म्हणूनच रेल्वेवरच्या पुलांत दिसते तशी कैची करता येते, जिच्यात एक दांडी ताणलेली असते आणि तिला टेकलेली दुसरी दाबलेली. उंच खांबावरून तिरक्या तारा सोडून चालायची जमीन उचलून धरलेले पूल हल्ली पुष्कळ बघायला मिळतात. त्यांत तारांना ताण आणि खांबाला दाब.

ताणाचा हिशेब घरच्या गच्चीवर बघता येतो. धुतलेली, पाणी गळणारी सोलापुरी चादर तारेवर टाका. तार मध्ये खाली येते. हा झोळ नको म्हणून तार आणखी आवळली तर झोळ कमी होतो, पण पुरता जात नाही, आणि एक दिवस भिंतीतला हूक गिलाव्यासकट बाहेर येतो. चादर तीच, वजन तेच. मग हूक का निघाला? कारण झोळ जितका कमी, तितकी टोकांवरची ओढ जास्त. वजन तारभर सारखं पसरलेलं असेल तर आडवी ओढ काढायची रीत सोपी आहे: गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या मोकळ्या जागेच्या, लांबीला झोळाच्या आठपटीनं भागा, जो आकडा येईल तितक्या पट वजनाची ओढ. दहा मीटरच्या गाळ्याला एक मीटर झोळ ठेवला तर ओढ वजनाच्या सव्वापट होते.

आता लंडनचा मिलेनियम पूल घ्या. टेम्स नदीवरचा, फक्त चालणाऱ्यांसाठीचा, सुमारे चार मीटर रुंद. वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर, शिल्पकार अँथनी कॅरो आणि अभियंते अरूप कंपनीचे, अशी तिघांची ती निर्मिती. पलीकडे सेंट पॉलचं मोठं घुमटाचं चर्च आहे. नदीवरून चालताना ते आडोशाशिवाय दिसावं म्हणून त्यांनी तारा वर न नेता जवळजवळ सपाट, बाजूला पसरून नेल्या. मधला गाळा १४४ मीटरचा, आणि तारांचा झोळ फक्त २.३ मीटर. वरची रीत लावून बघा. ओढ येते वजनाच्या जवळपास आठपट. ती सोसायची तयारी त्यांनी काठांवर नीट करून ठेवली होती आणि त्या बाबतीत पूल कुठेही कमी पडला नाही.

१० जून २००० रोजी तो खुला झाला. पहिल्याच दिवशी ऐंशी हजारांहून जास्त माणसं त्यावरून गेली. आणि पूल डावी-उजवीकडे डोलायला लागला. मधल्या गाळ्यात हे डोलणं सात सेंटीमीटरपर्यंत गेलं. माणसं पाय फाकवून चालू लागली, काहींनी कठडा धरला. १२ जूनला पूल बंद करावा लागला. पोलाद तुटलं नव्हतं, खांब खचला नव्हता. तरी जगातल्या अत्यंत हुशार अभियंत्यांचा पूल तीन दिवसांत बंद झाला. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकत.

कारण समजून घ्यायला पंचमीचा झोका पुरे. झोक्यावर बसलेल्या पोरीला तुम्ही मन मानेल तेव्हा धक्का दिलात तर झोका अडखळतो. तो मागे येऊन पुढे निघायच्या क्षणी, दर खेपेला, बोटाएवढ्या जोरानं ढकला, तर पाच मिनिटांत तो फांदीला टेकतो. झोक्याला स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्यात दिलेला छोटा धक्का वाया जात नाही, साठत जातो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडला भिंत लागून असलेल्या घरात जे राहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माग सुरू झाले की फळीवरचा एखादाच पेला थरथरायला लागतो आणि शेजारचं ताट गप्प असतं. त्या पेल्याचा ठेका मागाच्या ठेक्याशी जुळलेला असतो. पेला दोन बोटं सरकवा, थरथर थांबते.

पुलालाही असा ठेका असतो. आखूड, जड, ताठ पुलाचा ठेका जलद, आणि लांब, हलक्या, बारीक पुलाचा संथ. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावलं टाकतो. म्हणजे खाली, जमिनीवर, सेकंदाला दोन धक्के. पण आपण फक्त खालीच ढकलत नाही. डावं पाऊल टेकताना जमीन थोडी डावीकडे ढकलली जाते, उजवं टेकताना उजवीकडे. डावं-उजवं मिळून एक फेरा, म्हणजे आडव्या दिशेला सेकंदाला एक. हा आडवा धक्का अगदी लहान असतो. रस्त्यावर तो कुणाच्या खिजगणतीतही नसतो. पण लंडनच्या त्या मधल्या गाळ्याचा आडवा ठेका सेकंदाला एकच्या किंचित खाली होता. आणि जुने अभियंते पूल तपासायचे तो वर-खाली. डावी-उजवीकडे बघायची फारशी रीत नव्हती.

सैनिकांच्या कवायतीनं पूल पडल्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ती खरी आहे. १८३१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून ७४ सैनिक एका चालीत जात होते. पूल त्यांच्या पावलांनी डुलू लागला, त्यांना मजा वाटली, ते आणखी ठेक्यात चालले आणि पुलाचं एक टोक नदीत गेलं. कुणी दगावलं नाही. पण तेव्हापासून पुलावर चाल मोडून चालायचा हुकूम इंग्रजी फौजेत आला.

लंडनमध्ये मात्र कवायत नव्हती. शनिवारी फिरायला आलेली माणसं होती, म्हातारी, पोरंबाळं, हातात कॅमेरे घेतलेली. त्यांची पावलं जुळायचं कारण काय?

इथे नंदीध्वजाकडे परत या. चालणारा माणूस हा स्वतःच एक उभी काठी आहे. एका पायावर तोलायचं, पडता पडता दुसरा पाय खाली घालायचा, याला आपण चालणं म्हणतो. पायाखालची जमीन स्थिर असते तोवर ते नकळत होतं. जमीन जराशी डावीकडे सरकली की अंग कलतं, आणि पेलणारा जे करतो तेच प्रत्येक जण करतो: कलाच्या बाजूला जरा जास्त जोरानं पाऊल टाकतो, पाय फाकवतो. या सावरण्याच्या पावलानं पुलाला आणखी एक धक्का बसतो, आणि तो बहुतेक वेळा पुलाच्या डोलण्याला साथ देणाऱ्या बाजूलाच असतो. एका माणसानं काही होत नाही. नंतर अरूपच्या अभियंत्यांनी पुलाच्या एका गाळ्यावर माणसं मोजून चालवली. सुमारे १६० माणसं होईपर्यंत पूल जवळजवळ शांत राहिला. आणखी दहाएक वाढली आणि डोलणं झपाट्यानं चढलं. गर्दी वाढली तसं थोडं थोडं वाढत गेलं, असं झालंच नाही. एक उंबरठा होता, आणि तो ओलांडताच सगळं बदललं.

पुष्कळ वर्षं असं मानत होते की पूल डोलला म्हणून माणसांची पावलं जुळली आणि पावलं जुळली म्हणून पूल आणखी डोलला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं की पावलं जुळायचीही गरज नाही. प्रत्येकानं आपापल्या चालीत नुसता तोल सावरला तरी गर्दी मिळून पुलात जोर भरत जाते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुलावरचा माणूस म्हणजे गोणी नव्हे. गोणी ठेवली की ठेवली. माणूस पुलाला उत्तर देतो आणि पूल माणसाला.

उपाय काय केला? पूल जाडजूड करणं हा एक मार्ग होता, पण मग ती नाजूक रेघ राहिली नसती. त्यांनी पुलाखाली ३७ द्रवाचे डँपर आणि ५२ वजन-स्प्रिंगचे डँपर बसवले. त्याला ५० लाख पौंड लागले. २२ फेब्रुवारी २००२ रोजी पूल पुन्हा उघडला, आणि आजही तो लंडनची खूण म्हणून छायाचित्रांत असतो.

द्रवाचा डँपर म्हणजे स्कूटरच्या शॉकअपचा थोरला भाऊ. बंद नळीत दाट द्रव आणि त्यात दट्ट्या. पूल सरकू लागला की दट्ट्याला द्रवातून वाट काढावी लागते, आणि हालचालीचा जोर द्रव गरम होण्यात खर्च होतो. दुकानाचं काचेचं दार आपटू नये म्हणून वर जी नळी बसवतात, तिच्यातही हेच. दुसरा प्रकार जास्त सुरेख आहे. पुलाखाली स्प्रिंगवर एक वजन टांगतात आणि त्या स्प्रिंगचा ठेका मुद्दाम पुलाच्या ठेक्याइतकाच ठेवतात. पूल हलायला लागला की ते वजनही हलायला लागतं, पण उलट बाजूला. पुलाच्या वाट्याचं डोलणं ते वजन स्वतःवर घेतं. मागाच्या शेडशेजारच्या त्या पेल्यासारखंच, फक्त इथे पेला मुद्दाम ठेवलेला असतो, बाकीचं घर शांत राहावं म्हणून.

लंडननंतर जगभरचे नियम बदलले. युरोपच्या नियमांत पादचारी पुलाचा उभा ठेका सेकंदाला ५ च्या खाली किंवा आडवा २.५ च्या खाली असेल तर माणसांना होणारा त्रास वेगळा तपासावा लागतो. पूल पडणार नाही एवढं दाखवून भागत नाही. पायाला बरा वाटेल हेही दाखवावं लागतं.

अर्थात प्रत्येक पुलाला डँपर लागतात असं नाही. रुंदी हाच मोठा आधार असतो. लोखंडी पट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून त्याच दिशेला वाकवायला जा, बोटं दुखतील. रुंद पूल आडव्या दिशेला असाच कडेवर धरलेल्या पट्टीसारखा असतो. अहमदाबादला साबरमतीवर २७ ऑगस्ट २०२२ रोजी अटल पूल सुरू झाला. लांबी ३०० मीटर, रुंदी १० ते १४ मीटर, पोलादी नळ्या २६०० टन, वर पतंगाच्या रंगांचं छत. उत्तरायणात पतंग उडवणाऱ्या शहराला पतंगाचाच पूल, हे मला मनापासून आवडतं. तो नदी ओलांडण्याइतकाच नदीवर थांबण्यासाठी केलेला आहे, म्हणून एवढा रुंद.

थांबण्यावरून गर्दीचं बोलायला हवं, कारण ते आपल्या गावाला सगळ्यांत जवळचं आहे. रस्ते-पुलांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमांप्रमाणे पायवाटेवर दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि यात्रा-जत्रेची गर्दी होण्याजोगी जागा असेल तर ५००. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन खडूनं आखा आणि त्यात सात-आठ माणसं उभी करा. खांद्याला खांदा, छातीला पाठ, हात वर करायलाही जागा नाही. म्हणजेच पाचशे किलो. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याच्या आसपास जो उभा राहिला आहे त्याला हा आकडा अंगानं माहीत आहे. चार मीटर रुंद, पन्नास मीटर लांब अशा साध्या पुलावर ही गर्दी झाली तर एकूण एक लाख किलो, म्हणजे शंभर टन. सोलापुरात गड्डा यात्रेच्या वाटेवर पूल बांधा किंवा पंढरपुरात वारीच्या वाटेवर, पाचशेच्या खाली विचारच करायला नको. वर्षातले तीनशे साठ दिवस पूल मोकळा असला तरी तो बांधायचा उरलेल्या पाच दिवसांसाठी.

आणि हे आकडे कागदावर असून भागत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा जुना झुलता पूल तुटला. दुरुस्त करून चारच दिवस आधी उघडला होता. १३५ माणसं गेली, त्यांत पोरं किती तरी. तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात मुख्य दोरखंडातल्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या आढळल्या. दोरखंड बाहेरून अखंड दिसतो, आतली निम्मी ताकद गेलेली असते, आणि रंगाचा नवा हात ते झाकून टाकतो. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकावर तर पूल जागचा हललाही नाही. पावसात लोक अरुंद जिन्यावर थांबून राहिले, मागून येणारे येत राहिले, आणि २३ माणसं चेंगरून गेली. तिथे पूल पुरेसा भक्कम होता, पण पुरेसा रुंद नव्हता. पूल कुठे संपतो असं विचारलं तर लोक काठ दाखवतात. माझ्या मते तो जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या पुढे, जिथे माणसं मोकळी पांगतात तिथे संपतो.

जिन्यावरून आई आठवते. त्या दिवशी ती वर चढताना पायऱ्या मोजत होती. गुडघे दुखायला लागल्यापासून ती सगळीकडे मोजते. रस्त्यावरून जाणारा पूल घ्या: खालून ट्रक-बस जायला साडेपाच मीटर मोकळी उंची लागते, त्यावर पुलाच्या जमिनीची जाडी, म्हणजे चढायचं सहा मीटर. पंधरा सेंटीमीटरची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या चढायच्या, चाळीस उतरायच्या. पायऱ्यांऐवजी उतार दिला, व्हीलचेअर स्वतःच्या हातानं चढवता येईल असा, तर बारा मीटर चालल्यावर एक मीटर उंची. सहा मीटरला बहात्तर मीटर लांब उतार, शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा. एवढी जागा आपल्या चौकांत नसते, म्हणून उतार रद्द होतो आणि जिना राहतो. मग आईच्या वयाची माणसं पुलाखालूनच, गाड्यांच्या मधून, हात दाखवत जातात. लोकांना शिस्त नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. सपाट रस्ता पार करायला बारा मीटर पुरत असताना म्हाताऱ्या माणसाला सहा मीटर वर पाठवायचं, हीच मागणी चुकीची आहे. अशा ठिकाणी सिग्नल आणि पांढरे पट्टे हवेत, पूल नको. पूल हवा तो जिथे जमिनीवरून जाताच येत नाही तिथे: पाण्यावर आणि रुळांवर.

देखण्या पुलांनी पायांना विसरल्याची उदाहरणं परदेशातही आहेत. स्पेनमधल्या बिलबाओ शहरात सांतियागो कालात्रावा या नामांकित रचनाकाराचा पांढराशुभ्र पादचारी पूल १९९७ मध्ये झाला. जमीन काचेची. पावसाळी गाव, माणसं घसरायला लागली, शेवटी त्या सुंदर काचेवर जाजम अंथरावं लागलं. त्याच रचनाकाराचा व्हेनिसमधला पूल २००८ चा. तिथेही काचेच्या पायऱ्यांवर माणसं पडत राहिली आणि २०२२ मध्ये काच काढून दगड बसवायचा निर्णय झाला. व्हीलचेअरसाठी तिथे नंतर एक पाळणा बसवला होता, तोही नीट चालला नाही, काढून टाकावा लागला. आपल्याकडे काचेच्या पुलांचं आकर्षण वाढतं आहे म्हणून हे सांगितलं. समुद्राकाठी, डोंगरकड्यावर, तिकीट काढून एकदा बघायला काच ठीक आहे. रोज कामावर जाणाऱ्या बाईच्या चपलेखाली खरखरीत जमीन हवी.

सोलापूरला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सावली. पोलाद तापलं की वाढतं: शंभर मीटरच्या पुलाचं तापमान पंचेचाळीस अंशांनी चढलं तर तो साधारण साडेपाच सेंटीमीटर लांब होतो. जानेवारीच्या पहाटेचं पंधरा अंशांचं पोलाद आणि मे महिन्यात दुपारी उन्हात साठाला पोचलेलं पोलाद, एवढा फरक आपल्याकडे सहज पडतो. म्हणून पुलाचं एक टोक घट्ट बांधतात आणि दुसरं सरकतं ठेवतात, आणि जमिनीत फट सोडतात. त्या फटीत कचरा आणि माती घट्ट बसली की पुलाला वाढायला जागा उरत नाही आणि तो आपल्या खांबांनाच ढकलायला लागतो. झाडूवाल्याचं काम आणि अभियंत्याचं काम इथे एक होतं. पण माणसांसाठी साधी गोष्ट अशी की त्या दुपारी कठड्याला हात लावता येत नाही. ज्याला आधाराची खरी गरज आहे त्यालाच तो हात सोडावा लागतो. वर छप्पर आणि कठड्याला लाकडाची किंवा तसल्याच न तापणाऱ्या वस्तूची मूठ, हे इथे सजावटीत धरू नये.

मग पूल शहराची खूण कधी होतो? इंग्लंडात टाइन नदीवर गेट्सहेडचा पूल आहे, २००१ सालचा. नदीतून उंच जहाजं जातात आणि माणसांना मात्र पाण्याजवळून, चढ न चढता पलीकडे जायचं आहे. या पेचातून त्याचा आकार निघाला. एक कमान, तिला तारांनी बांधलेली वाकडी पायवाट, आणि जहाज आलं की दोन्ही मिळून ४० अंशांत कलतात, पापणी उघडावी तसे. याला साडेचार मिनिटं लागतात आणि लोक काठावर थांबून बघतात. कमान वरून चिकटवलेली नाही, तिच्यावाचून पूल कललाच नसता. मला वाटतं खूण अशी कामातून यावी लागते. आपल्याकडे "चार पुतळ्यापाशी थांब" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, कारण त्या जागेला चार हुतात्म्यांचा अर्थ आहे. सिद्धेश्वराच्या देवळाकडे पाण्याच्या मधून चालत जाताना गावातला आवाज मागे पडतो, हे इथल्या प्रत्येकानं अनुभवलेलं आहे. पाण्यावरून चालायची खूण आपल्या गावाला आठशे-नऊशे वर्षांपासून ठाऊक आहे.

रुळांनी दुभागलेल्या या शहरात एखादा पूल तसा व्हावा, असं मला फार वाटतं. भाच्याला म्हटलं, तूच काढ. त्यानं पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढला. वर छप्पर, मध्यावर रुंद जागा आणि तिथे बाकडं, एका बाजूला लांबच लांब उतार, आणि उतारावर काठी घेतलेली एक बाई. "ही आजी," म्हणाला. खाली दोन रूळ आणि एक मालगाडी, सगळे डबे मोजून.

"खांब कुठं हायत रे?" मी विचारलं.

"ते तुम्ही काढा की मामा."